एकशे छत्तीस तुकड्यांचा ट्रे

माझी मावशी तीस वर्षं खापऱ्या मोजते आहे. खोदकामात निघालेले मडक्यांचे तुकडे संग्रहालयाच्या मागच्या खोलीत येतात. ती ते धुते, वाळवते, मोजते, वजन करते आणि कार्डावर आकडे लिहिते. घरी कप फुटून सात तुकडे झाले, तरी पाहुण्यांसमोर म्हणते, "सात नाही, एकच धरायचा." हा त्यांच्या खात्याचा नियम. तुकडा आपल्याच हातून मोडला, तर मोड ताजी आणि आतून उजळ दिसते; असे तुकडे जुळवून एकच मोजायचे. पाहुणे कपाकडे बघतात आणि मी छताकडे.

यंदा संग्रहालयात नव्या मॅडम आल्या. जुन्या वस्तीतल्या एकेका घरात किती मडकी होती, हे त्यांना मावशीच्या कार्डांवरून काढायचं होतं. पण आधी कार्डं तपासणार. खोटा आकडा सापडला, तर सगळी बाजूला ठेवून पहिल्यापासून मोजणी. म्हणजे मावशीची तीस वर्षं पाण्यात. हे ऐकल्यापासून तिचं जेवणात लक्ष नव्हतं. रविवारी दुपारी मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे बोलली.

सव्वीस वर्षांपूर्वी तिच्या हातून एक ट्रे पडला होता. ट्रे हातात असतानाच हॉस्पिटलमधून फोन आला होता, काका गेले. तिने खाली बसून सगळे तुकडे गोळा केले, ताजे-जुने न बघता मोजले, एकशे छत्तीस लिहिलं आणि हॉस्पिटलला गेली. पुढे तो ट्रे उघडायचा तिला धीरच झाला नाही.

"अगं, इतक्या वर्षांत कुणाला कळलं नाही, आता काय कळतंय! नाहीतर हमालाने पाडला म्हण," मी म्हटलं.

"खापऱ्या मी मोजते, दुसऱ्याच्या डोक्यावर फोडत नाही."

मला रागही आला आणि लाजही वाटली. सोमवारी रजा टाकून मी तिच्याबरोबर गेले.

"मॅडम, एक आकडा खोटा आहे," मावशी उभ्या उभ्याच म्हणाली.

मॅडमनी खणातून नेमकं तेच कार्ड काढलं. "त्या घराच्या बाकी ट्रेंमध्ये तुकडा सरासरी तीस ग्रॅमचा आहे. याच ट्रेत पंधराचा. वजन बरोबर, तुकडेच दुप्पट. पडला होता ना? तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

"मग बाकीची कार्डं?"

"दोन महिने तपासतेय. दुसरी चूक नाही सापडली. तीच वापरणार आहे. बसा आधी."

ट्रे टेबलावर आला. मावशी उजळ मोड शोधून तुकड्याला तुकडा लावत गेली, मी नुसती हातात देत होते. दुपारपर्यंत अडुसष्ट झाले. तिने एकशे छत्तीसवर रेघ मारून अडुसष्ट लिहिलं. आकडा बदलला की शेऱ्याच्या रकान्यात कारण द्यावं लागतं. मग तिने लिहिलं, 'ट्रे पडला. त्या दिवशी हे गेले.'

मॅडमनी ते वाचलं आणि खाली सही केली. मावशी माझा हात धरून रडायला लागली. काका गेले तेव्हासुद्धा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.