ओढून पाहिलेला हात

गुणाजी म्हणजे माझे थोरले दीर. मालवणकडचे, पण सारं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलं. गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, विणकर होते. तुटलेला धागा अंगठा आणि दोन बोटांत धरून ते अशी गाठ मारत की कापडात ती सापडत नसे. देवाने दिलेला हात होता, असं मी म्हणे.

संप लांबला तेव्हा ते शिवडीला एका गोदामात काचा उतरवायला जाऊ लागले. तिथे एक काच निसटली. मनगटाच्या वर, आतल्या अंगाला खोल जखम झाली आणि नस तुटली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं लाकडासारखी झाली.

हॉस्पिटलात नस शिवली, मनगट आत वळवून प्लॅस्टर घातलं. डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगणारे. म्हणाले, "गुणाजीराव, नस शिवली म्हणजे लगेच बोटं जागी होत नाहीत. शिवणीपासून ती पुढे वाढत जाते, महिन्याला फार तर इंचभर. प्लॅस्टर निघालं की मनगट रोज थोडं थोडं सरळ करायचं. हळू ओढ मिळाली तर नस लांबते, वाढते. झटका दिलात तर शिवण सुटेल."

भावोजींनी मान हलवली. त्यांच्या जिवाला एकच घोर होता, गिरणी उघडेल त्या दिवशी साच्यावर उभं राहता येईल का.

प्लॅस्टर निघालं त्याच आठवड्यात चाळीत बातमी आली, की गेट उघडणार, माणसं घेणार. दुपारी मी त्यांच्या बायकोकडे, सुभद्रावयनींकडे, पीठ मागायला गेले, तर भावोजी दाराच्या चौकटीला पंजा टेकवून सगळं अंग पुढे रेटत होते. मी ओरडायच्या आत त्यांनी हिसका दिला. मनगट धरून खाली बसले.

वयनी मोरीतून धावत आल्या. "डॉक्टरान काय सांगल्यान तुमका? हळू म्हणान!"

"गो, धागो सांधलो की ओढून बघूचो लागता. तुटाचो तर आताच तुटांदे. कापडात गेल्यावर तुटलो तर सगळोच माल फुकट."

"हो धागो नाय, हात हा!"

"गिरणी काय माझ्यासाठी हळू चालतली?"

साऱ्या जन्माची सवय होती ती. प्रत्येक गाठ ते ओढूनच पाहत आले होते.

शिवण सुटलीच. पुन्हा ऑपरेशन. या वेळी पायातली एक नस काढून मध्ये जोडली, त्यामुळे पावलाची कड कायमची बधिर झाली. डॉक्टर रागावले नाहीत, हेच भावोजींना जास्त लागलं.

नंतर मात्र ते शहाण्या मुलासारखे वागले. दिवाबत्ती झाली की वयनी त्यांचं मनगट मांडीवर घेत आणि देवाचं नाव घेत अगदी हळू मागे नेत. मग हातावर बोटाने टकटक करत खाली येत. नस वाढत जिथवर पोचली असेल तिथे मुंग्या येतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"खंय इली?" नस कुठवर आली ते वयनी विचारत.

"मनगटार."

त्या आठवड्यात गेट उघडलंच नव्हतं. पुढे काही महिन्यांनी गिरणी अर्धीमुर्धी चालू झाली तेव्हा मुंग्या तळहातात होत्या. भावोजी तरीही गेले. माणसं कामावर घेणारा जॉबर चिंतामणी जुना ओळखीचा. त्याने साच्यावरचा एक धागा तोडून समोर धरला. भावोजींनी डोळ्यांनी बघत बघत गाठ मारली, पण चिमटीत धागा आहे की नाही तेच कळेना. गाठ सुटली. चिंतामणी खाली बघून म्हणाला, "गुणाजीदादा, हात बरो झालो की ये." दोघांनाही ठाऊक होतं, तोवर जागा राहायची नाही. राहिलीही नाही.

पुढल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी तिथेच होते. टकटक करत वयनी बोटांच्या टोकाला आल्या आणि भावोजी दचकले.

"खंय?"

"नखाकडे."

वयनींनी देव्हाऱ्याला हात जोडले. वळून पाहिलं, तर भावोजींचे डोळे भरलेले.

"अहो, मगे रडतास कित्याक?"

त्यांनी हात मांडीवरून काढून घेतला. म्हणाले, "इली खरी. पण आता ह्या बोटांनी करू काय?"