कापलेलं पील आणि रेवतीचा फॉर्म

"अरे ओ शालकबुवा, रुको! ते नाही, ते नाही! हाय रे देवा, कापलंच!"

दाजींची ही आरोळी तापी ओलांडून बुऱ्हाणपूरच्या वेशीवर आदळून जैनाबादला परत आली, तोवर माझ्या हातातल्या विळ्याने आपलं काम केलं होतं. केळीच्या बुंध्याशी पिलं (नवे कोंब) फुटतात. त्यांतलं एकच राखायचं, बाकीची कापायची. घड उतरला की जुनं झाड जातं आणि राखलेलं पील त्याच्या जागी उभं राहतं. दाजींनी निवडून राखलेलं नेमकं तेच पील मी आडवं केलं होतं. पाहुणा म्हणून येऊन मला तासही झाला नव्हता.

"हात लावायला सांगितलं कोणी?"

"दाजी, नाशकाकडे हजारभर केळी लावल्यात मी!"

नाशकाकडे माझ्या गॅलरीत एक तुळस आहे.

पण मला खरा घोर पिलाचा नव्हता. तो दिवाळीपासूनचा होता. माझी भाची रेवती बारावीला होती आणि तिला पुढे एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली वरची पदवी घ्यायची होती. फराळाच्या ताटावर, तोंडात लाडू असताना, मी ठोकून दिलं होतं, "बीएला मानसशास्त्र नसेल तर एमएसडब्ल्यूच्या कॉलेजचा रखवालदारसुद्धा आत सोडत नाही. तिथल्या मुख्य बाई रोज माझ्या हातचा चहा घेतात!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

आता रेवतीला घरून जाता येईल अशा कॉलेजात मानसशास्त्रच नव्हतं, आणि बाहेरगावी होस्टेलला दाजी नाही म्हणाले. तेव्हा पोरीने मुकाट ठरवून टाकलं: बी.कॉम. करायचं, केळीच्या एजंटाच्या ऑफिसात बसायचं, समाजकार्य विसरायचं. कॉलेजप्रवेशाचा फॉर्म मी आलो त्याच दिवशी संध्याकाळी पाचला बंद होणार होता. माझ्या ताईने, म्हणजे रेवतीच्या आईने, फोनवर एवढंच सांगितलं होतं, "तू बोललास, तूच येऊन निस्तर."

चहा पिताना दाजी म्हणाले, "त्या तुमच्या बाईंना फोन लावा ना. काही सूट देतील."

"त्या परदेशी गेल्यात," मी म्हणालो. आणि बशी तोंडाला लावली.

"मग खकनारला चला, मामा," रेवती म्हणाली. "तिथे गावांमधून काम करणाऱ्या एक ताई आहेत. एमएसडब्ल्यू झाल्यात. मी वेळ घेऊन ठेवलीय."

रिक्षाने पूल ओलांडला. खाली तापी संथ होती. मला मात्र ती गिळायला टपल्यासारखी वाटली. शहरात शिरताच पॉवरलूमचा खडखडाट सुरू झाला. एका गल्लीत किमान दहा लाख माग असावेत आणि सगळे 'खोटं-खोटं, खोटं-खोटं' असंच विणत होते. बसस्टँडजवळ रेवतीने मावा जिलबी (खव्याची काळपट, जाड जिलबी) घेतली. भीतीने घास उतरत नव्हता. कशाबशा सहाच खाल्ल्या.

खकनारच्या बसमध्ये मी देवाला एकच मागणं घातलं, टायर बसू दे. देव माझं कधी ऐकत नाही. त्या दिवशी ऐकलं. बस केळीच्या बागांमध्ये, सातपुड्याकडे तोंड करून उभी राहिली. मी मनातल्या मनात पेढे वाटले. मग शेजारी पाहिलं. रेवती घड्याळाकडे बघत होती, आणि तिने ओढणीचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. मला पेढे परत घ्यावेसे वाटले. मी खाली उतरून कंडक्टरला टायर बदलू लागलो. त्याने मला दोनदा बाजूला सारलं.

खकनारच्या ताई पडवीत सात-आठ बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. आम्हाला पाणी मिळेपर्यंतही रेवतीला धीर निघाला नाही.

"ताई, मानसशास्त्र नसेल तर एमएसडब्ल्यूला प्रवेश मिळतच नाही का?"

"कोणी सांगितलं?"

रेवतीने माझ्याकडे पाहिलं. सबंध प्रवासात मी इतका कधी घाबरलो नव्हतो.

"ऐकलं होतं," ती म्हणाली.

"मी बी.एस्सी. आहे, वनस्पतिशास्त्र. माझ्या वर्गात बी.कॉम.वाले होते, साहित्यवाले होते. बहुतेक ठिकाणी कोणतीही पदवी चालते. परीक्षा असते, मुलाखत असते. जिथे जायचं तिथले नियम मात्र स्वतः वाचायचे, ऐकीव नाही. समाजशास्त्र, मानसशास्त्र असलं तर सुरुवात थोडी सोपी जाते, इतकंच."

"मग विषय कोणता घेऊ?"

"तीन वर्षं मन लावून वाचशील ते. आणि सुट्टीत इकडे ये. मला पहिलं वर्षभर कोरकू (इथल्या आदिवासींची बोली) येत नव्हती. एका बाईने पोर आजारी असल्याचं सांगितलं आणि मी हसून 'छान, छान' म्हटलं. माहीत नाही हे कबूल करायची लाज वाटली होती मला."

मी पडवीची फरशी मोजू लागलो.

परतीच्या बसमध्ये नेटवर्क येत-जात होतं. पाचला वीस मिनिटं उरली असताना रेवतीने फोनवर फॉर्म भरला. बी.ए., विषय भूगोल. शाळेपासून तिला तोच आवडायचा. सातपुड्यातल्या कुठल्या गावचं पाणी कुठल्या नाल्याला जातं, हे ती पाढ्यासारखं सांगते.

"रेवती," मी म्हणालो, "त्या मुख्य बाई..."

"नाहीतच ना?" तिने मानही वर केली नाही. "पप्पांना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

दिवस कलताना मी जैनाबादच्या बांधावर उभा राहिलो आणि दाजींना सगळं सांगितलं. लाडू, चहा, बाई, हजार केळी, सगळं. मीठमसाला न लावता, आयुष्यात पहिल्यांदा. ऐकायला ते अगदीच थोडं निघालं. दोन वाक्यं जेमतेम, आणि तेवढ्यावर पोरीची वाट बुजणार होती.

मग मी डोळे मिटून घेतले. आता जी आरोळी उठेल तिने असीरगडाचे उरलेसुरले बुरूज कोसळणार, याची मला खात्री होती.

दाजींनी हातातला विळा पुसला.

"तुम्ही कापलंत त्या बुंध्याला दुसरं पील राखलंय," ते म्हणाले. "हातपाय धुवा, जेवायला बसू."