एकाच कढईतलं तेल

मासे तळण्यात व्हर्ना हुडाकचा हात धरणारं यंग्सटाऊनमध्ये कुणी नव्हतं. ‘ब्लू अँकर’ या कंपनीची तळलेल्या माशांची दुकानं ओहायोभर निघत होती तेव्हा ती काउंटरवर लागली आणि बघता बघता मॅनेजर झाली. ईस्टरआधीच्या उपासातल्या शुक्रवारी आम्हा कॅथलिकांना मांस वर्ज्य, मासे चालतात. त्या दिवशी रांग पार पोस्टापर्यंत जायची. मी तिच्या हाताखाली बटाटे तळायचे.

मग पोलादाचा कारखाना बंद पडला. तिचा नवरा घरी बसला. ‘ब्लू अँकर’लाही उतरती कळा लागली. मासा हलक्या प्रतीचा येऊ लागला, शेजारच्या गावांतली दुकानं बंद झाली. तेव्हा मुख्य कचेरीतल्या शहाण्यांनी कोंबडी विकायला काढली आणि फर्मान सोडलं, तेल वाचवा, दोन्ही एकाच कढईत तळा. उभ्या जन्मात उपास न केलेल्यांनाच ही अक्कल सुचणार!

“अगं, शुक्रवारी तरी वेगळं तेल घे,” मी म्हटलं.

“आणि कचेरीनं दुकान बंद केलं तर घरात काय शिजवू? कोण बघायला येतंय?”

कुणी बघितलं नाही. पण एका शुक्रवारी स्टेफकोआजोबांनी घास तोंडाजवळ नेऊन थांबवला.

“पोरी, कोंबडीचा वास येतोय. तेल एकच आहे का?”

व्हर्ना खोटं बोलली असती तर खपून गेलं असतं. पण बाप्तिस्म्याला या म्हाताऱ्यानंच तिला हातांवर धरलं होतं.

“हो, आजोबा.”

“आणि मागच्या शुक्रवारी?”

तिनं कढईखालची आच बंद केली. लोक भरल्या ताटांवरून उठले.

तेलानं उपास मोडत नाही, असं फादरनी प्रवचनात सांगितलं. ऐकतंय कोण! सगळे चर्चच्या तळघरात खायला जाऊ लागले; तिथे चर्चमधल्या बायका उपासाच्या शुक्रवारी मासे तळून वाढायच्या. ईस्टरच्या आत दुकानाला कुलूप लागलं.

पुढच्या वर्षी तळघरात तळणाऱ्या बायका कमी पडत होत्या. व्हर्ना घरून एप्रन घेऊन आली. स्टेफकोंची आयरीन स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

“तू बस गं, व्हर्ना. आम्ही आणून देतो.”

आवाज गोड होता. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. व्हर्ना एप्रनची घडी मांडीवर ठेवून बसली. ताट आलं. मासा वरून करपलेला, आत कच्चा होता.

तिनं तो सगळा खाल्ला.