निलगिरीच्या चार पट्ट्या

माझ्या वडिलांचं नाक कोलशेतच्या एका कंपनीत तीस वर्षं नोकरीला होतं. बाकीचे वडील त्याच्यासोबत डोंबिवलीहून जात-येत, एवढंच. कंपनी सुगंधी तेलं आणि अर्क बनवायची. साबणाला, उदबत्तीला, खोकल्याच्या गोळीला जो वास असतो तो आधी कुणीतरी हुंगून पास केलेला असतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. आमच्या घरात ते रोज जेवताना लक्षात आणून दिलं जायचं.

आईनं हिंगाचा डबा बदलला की बाबा बाहेरच्या खोलीतून विचारत, "हिंग कुठून आणलास?" मी कॉलेजात असताना मैत्रिणीचं सेंट लावून घरी आले, तर त्यात काय स्वस्त मिसळलंय ते त्यांनी दारातच सांगितलं. अठरा वर्षांच्या मुलीला असा बाप असणं ही शिक्षा आहे. पण त्या नाकाचा अभिमानही होताच. शाळेत कुणाचे वडील बँकेत, कुणाचे वकील, आणि माझे वडील वास घेतात, हे मी छाती काढून सांगायचे.

कंपनी दर दिवाळीला एक खोका द्यायची. त्यात लहान बाटल्या असत: निलगिरी, लवंग, गवती चहा, कापूर. सर्दीला निलगिरी, दाढेला लवंग, डासांना गवती चहा. लग्न होऊन मी माजिवड्याला आले तेव्हा माझ्या सामानात दागिन्यांपेक्षा या बाटल्या जास्त होत्या, आणि खरं सांगायचं तर कामालाही त्याच जास्त आल्या. बाबा निवृत्त झाले, खोका बंद झाला. साठवलेल्या बाटल्या काही वर्षं पुरल्या, मग त्याही संपल्या.

माझी लेक आता नववीत आहे. तिचं नाक गणपतीत बंद होतं ते होळीला उघडतं. गरम पाण्यात निलगिरीचे दोन थेंब आणि डोक्यावर टॉवेल, हा आमचा हिवाळ्यातला संध्याकाळचा कार्यक्रम. म्हणजे निलगिरी आमच्याकडे चैनीची वस्तू नाही, मीठ-मिरचीसारखी लागते. आणि पहिल्यांदाच ती विकत आणायची वेळ आली तेव्हा कळलं, की बाजारातली प्रत्येक बाटली शंभर टक्के शुद्ध आहे. नव्वद टक्के शुद्ध अशी एकही मिळाली नाही.

गेल्या वर्षी मी फोनवरून एक स्वस्त बाटली मागवली आणि रीतीप्रमाणे डोंबिवलीला नेली. बाबांनी बाटली नाकाखाली धरली, जरा थांबले आणि म्हणाले, "चालेल." एरवी ते दहा वाक्यं बोलले असते. वय झालं, कमी बोलतात, असं मी समजले आणि आणखी तीन बाटल्या मागवल्या.

नवरा म्हणाला, "याला रंगाच्या डब्यासारखा वास येतोय."

मी म्हटलं, "तुला दही आंबलेलं कळत नाही. बाबांनी पास केलंय." विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात. लेक टॉवेलखाली खोकायला लागली, तेव्हा ती नाटक करतेय असंही मी ठरवून टाकलं. ती म्हणायची, "आई, घशात जळजळतं." मी म्हणायचे, "जळजळलं म्हणजे लागू पडतंय." हे वाक्य मी वर्षभर म्हणत राहिले. आज ते लिहितानाही मान खाली जाते.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, वाफेत काय घालता? म्हणाले, तेल बदला नाहीतर बंद करा. तेव्हाही बाबा चुकले असतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. बाबांनी पास केल्यावर बाटली विकणाऱ्या लोकांनी माल बदलला असणार, असा मी निष्कर्ष काढला आणि त्यांच्यावर चिडून एक लांबलचक तक्रार लिहिली. त्यांनी दिलगिरी व्यक्त करून मला पुढच्या खरेदीवर सवलत दिली.

मग म्हटलं, आता नीटच करायचं. चार ठिकाणची तेलं घ्यायची, बाबांसमोर ठेवायची आणि जे पास होईल तेच कायम घ्यायचं. एक तर ही घरातलीच बाटली, ताडून बघायला. दुसरी आमच्या चौदाव्या मजल्यावरच्या शेजारणीकडची. ती परदेशी तेलं विकते, आणि ती विकणाऱ्या आणखी बायका शोधते. "अगं, हे एकदम टॉप ग्रेड आहे," ती म्हणाली. "मी तर रोज पाण्यातून पिते. तू पण जॉइन हो ना, घरबसल्या होतं सगळं." निलगिरी पिणारी बाई माझ्यासमोर उभी होती आणि तिचा चेहरा खरोखर तुकतुकीत होता. बाबांचा पहिला नियम होता, तेल थेट अंगाला लावायचं नाही आणि पोटात तर घ्यायचंच नाही. तिच्या बाटलीच्या किमतीत आमचा महिन्याचा किराणा येतो. तिनं नमुना म्हणून तळ दिसेल इतकंच तेल दिलं, तेही तीर्थ द्यावं तसं.

तिसरी कल्याणच्या एका काष्ठौषधीच्या दुकानातली. तिथे मुळ्या, साली आणि हिरडे पोत्यांत असतात आणि मालक त्यांच्यामागे असतो. मी निलगिरी मागितली. त्यानं विचारलं, "शुद्ध पाहिजे की वापरायला पाहिजे?"

"फरक काय?"

"शुद्धवाले प्रश्न फार विचारतात," तो म्हणाला आणि मोठ्या बाटलीतून छोटीत ओतून दिलं.

चौथी बाटली बाबांच्या हाताखाली शिकलेल्या एका गृहस्थांची. ते आता डोंबिवलीत औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेऊन स्वतः तेलं भरून विकतात. ते बाबांच्या घरी बाटली द्यायला आले पण बसले नाहीत. "साहेब हुंगणार म्हटल्यावर मला अजून घाम फुटतो," म्हणाले आणि सीलबंद बाटली आईच्या हातात ठेवून गेले.

रविवारी सकाळी मी डोंबिवलीला पोचले. बाबांची पद्धत ठरलेली. जाड कागदाच्या पट्ट्या कापायच्या, त्यांवर पेन्सिलीनं आकडे घालायचे, टोक तेलात बुडवायचं आणि कुठली पट्टी कुठल्या बाटलीची हे हुंगणाऱ्याला सांगायचं नाही. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून हे सगळं करत होते. तीन बाटल्या झाल्या होत्या, तेवढ्यात कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊ लागला आणि आई गच्चीत होती. मी उठून गॅस बंद केला, चारही पट्ट्या कपड्यांच्या चिमट्यांत अडकवल्या आणि बाहेर नेल्या. घरभर निलगिरी पसरली होती.

बाबा खुर्चीत ताठ बसले होते. समोर वही, उजव्या हाताला पेन. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी त्यांना कुणीतरी काम दिलं होतं, आणि त्यासाठी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

पहिली पट्टी त्यांनी नाकाशी धरली. "तीव्र आहे." लिहिलं.

दुसरी. "हीही झोंबते. कमी, पण झोंबते."

तिसरी. "मध्यम."

चौथी त्यांनी बराच वेळ धरली. खाली ठेवली, पुन्हा उचलली. चेहरा सैल झाला. "ही," ते म्हणाले. "ही बघ. नाकाला कुठे त्रास नाही. दोनदा शुद्ध केलेलं असणार. पोरीला हेच दे." आणि वहीत चारच्या आकड्याभोवती त्यांनी गोल काढला.

मला फार बरं वाटलं. त्यांच्याच शिष्याचं तेल पास झालं होतं. मी लगेच त्या गृहस्थांना फोन करायला स्वयंपाकघरात आले आणि लेबलवरचा नंबर बघायला बाटली उचलली. झाकणावरचं सील जसंच्या तसं होतं. मी ते नखानं खरवडून पाहिलं, जणू काही फोडूनही ते परत चिकटलं असेल.

आई गच्चीतून वाळलेले कपडे घेऊन आली. मी तिला बाटली दाखवली आणि काय झालं ते सांगितलं. तिनं कपडे ओट्यावर ठेवले.

"मागे त्यांना मोठा ताप आला होता ना, त्यानंतर त्यांना वास येत नाही," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी मला सांगितलेलं नाही. मग मीही त्यांना सांगितलेलं नाही, की मला कळलंय." ती घड्या घालायला लागली. "ते गॅसच्या शेजारीच बसले होते आणि दूध करपून कोळसा झालं. तेव्हा कळलं. चहात वेलची जास्त झाली का, असं मी रोज विचारते. ते म्हणतात, किंचित. वेलची मी कधीच बंद केलीय."

म्हणजे पट्ट्यांचा वास नाही, नुसतं झोंबणं त्यांना कळत होतं. मला आधी राग आला. माझी पोर वर्षभर काय ओढत होती कोण जाणे, आणि इथे दोघं एकमेकांची मर्जी राखत वेलची वेलची खेळत होते. मग मला आठवलं की पोर स्वतः सांगत होती, नवरा सांगत होता, आणि मलाही नाक आहे. घरातली ती बाटली मी एकदाही स्वतः हुंगली नव्हती. ओट्यावर होतीच. मी झाकण काढून हुंगलं. नवऱ्याचं बरोबर होतं. रंगाचा डबा.

"बाहेर जाऊन काय सांगणार आहेस?" आईनं विचारलं. "त्यांच्याकडे आता दुसरं काय आहे गं?"

मला खोटं बोलायचं होतं. चौथी पट्टी तुमच्या शिष्याचीच, असं म्हणायचं, आणि तेल पुढे आपलं आपण हुंगून घ्यायचं. सोपं होतं. पण बाहेरून हाक आली, "अगं, चौथी कुणाची ते सांग की!" आणि त्या आवाजात इतका उत्साह होता की मला ते जमेना. पुढच्या रविवारी ते आणखी काहीतरी पास करतील, आणि मी मान हलवीन, आणि आई वेलचीबद्दल विचारील.

मी बाहेर जाऊन म्हटलं, "बाबा, चौथी कोरी होती. बाटलीचं सीलही फोडलेलं नाही, बुडवायची राहिली. चूक माझी."

त्यांनी पट्टी चिमट्यातून काढली आणि उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. मग वहीतल्या गोलाकडे पाहिलं.

"कामावर आम्ही मुद्दाम एक कोरी घालायचो," ते म्हणाले. "कोऱ्या पट्टीला जो शेरा देईल, त्याला टेबलावरून उठवायचे."

"तुम्हाला उठवलं होतं कधी?"

"नाही."

आई दारात येऊन उभी राहिली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"गेल्या वर्षीचं तेल," ते म्हणाले. "पोरगी खोकते ती त्यानंच?"

"हो, बाबा."

मी त्यांना पडलेलं पाहिलंय, आजारी पाहिलंय, त्यांच्या आईच्या मृत्यूनंतर पाहिलंय, पण इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. आमच्या घरात तशी पद्धत नाही, म्हणून मी चिमटे सरळ करत राहिले.

मग खुर्चीचे हात धरून ते उठले. "बस इथं," ते म्हणाले.

"मी?"

"बस. आणि ते सील फोड आधी."

मी त्यांच्या खुर्चीत बसले. ते शेजारच्या स्टुलावर बसले आणि वही मांडीवर घेतली. मी चार नव्या पट्ट्या बुडवल्या, या वेळी त्यांच्या देखत.

"पहिली. जोरात ओढायचं नाही. काय येतंय?"

"टर्पेंटाइन."

त्यांनी लिहिलं आणि त्याच्यावर काट मारली. दुसरीला मी म्हटलं, निलगिरी आहे पण वरून काहीतरी गोड घातलंय, लिमलेटच्या गोळीसारखं. त्यांनी काट मारली. तिसरी चांगली होती, पण वास दमलेला वाटला. "जुनी," ते म्हणाले. "मोठी बाटली अर्धी असते, हवा लागते." हे त्यांना हुंगल्याशिवायही कळलं, आणि त्यांचा आवाज थोडा वर आला.

चौथी मी नाकाशी धरली. मी तेव्हाच ओळखलं की हीच घ्यायची. किंमतही परवडणारी होती. आमच्या घरी आता तीच येते आणि लेक टॉवेलखाली खोकत नाही.

"सांग," ते म्हणाले.

"आधी थंड लागतं. मग कापूर. मग, बाबा, पाला चुरगळल्यासारखं काहीतरी. आणि तळाला किंचित लाकूड."

पेन चाललं नाही. मी पाहिलं तर त्यांनी वही मिटली होती आणि डोळेही.

"पाला ओला, की सुकत आलेला?"

"ओला."

"हं," ते म्हणाले. त्यांच्या नाकपुड्या हलत होत्या. "घाई करू नकोस. पहिल्यापासून सांग, सावकाश."