थोरलीसाठी स्थळ

माशाच्या अंगावरच्या एका पट्ट्यावरून आमच्या घरमालकीणबाईंनी जितकी माणसं दुखावली, तितकी चेन्नईत निवडणुकीच्या प्रचारातही दुखावली जात नसतील. बाई चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या. नुंगंबाक्कममधली आमची सगळी गल्ली त्यांना 'टीचर' म्हणते. त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो, एका इंग्रजी वर्तमानपत्रात बातम्या तपासण्याचं काम करतो आणि मीही त्यांना टीचरच म्हणतो. टीचर तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात काढल्यामुळे त्यांच्या मराठीला तिथला हेल आहे, आणि मधूनच एखादा असा शब्द येतो की तो आपल्याकडे कधी वापरात होता याचाही आपल्याला पत्ता नसतो. पुण्याहून आलेला माझा मेहुणा एकदा कौतुकाने म्हणाला, "तुमची मराठी जरा वेगळी आहे." टीचरनी त्याच्या हातातला कॉफीचा डबरा, म्हणजे पेल्याखालची पसरट वाटी, भरेपर्यंत धीर धरला आणि मग म्हणाल्या, "वेगळी तुमची अहे. आम्ही तिकडून निघालों तेव्हां अस्के लोक असंच बोलत होते. रंग तुमचा बदलला." सगळे लोक असंच बोलत होते हे ऐकून मेहुण्याने कॉफी संपवायला घेतली. टीचर संतापलेल्या असताना सगळे असंच काहीतरी करतात, आणि टीचर बहुतेक वेळ संतापलेल्या असतात.

संतापाचं मुख्य केंद्र म्हणजे त्यांच्या दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. तिच्यात क्लाउनफिश असतात. मुलं त्यांना कार्टूनमधल्या माशाच्या नावाने हाक मारतात. तशी हाक मारणाऱ्या मुलाला टीचरकडे मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, मिळत नाही. "माणसाला माणूस म्हणून हाक मारतोस काय रे? त्याचं काय नांव, कुठल्या जातीचा, कुठला रंग, विचारशील की नाहीं?" या माशांचे रंगप्रकार हल्ली पुष्कळ झाले आहेत. माणसं जोड्या जुळवून नवेनवे रंग काढतात आणि दुकानदार त्यांना नवी नावं देतात. त्यांतलं एकही नाव टीचरना मान्य नाही. कडा फाटलेल्या पांढऱ्या ठिगळांच्या माशाला दुकानात 'स्नोफ्लेक' म्हणतात. टीचर विचारतात, चेन्नईत जन्मलेल्या कुठल्या दुकानदाराने बर्फ पडताना पाहिला आहे? हा मासा 'फाटकी पट्टी'. तपकिरी अंगाचा 'मोका' त्यांच्या लेखी 'चिकोरी जास्त झालेली कॉफी'. एकही पट्टा नसलेला नारिंगी तो 'बिनपट्टी'. आणि खरा, मूळचा, समुद्राने केलेला मासा म्हणजे 'तीनपट्टी': भडक नारिंगी अंग, तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी बारीक किनार. बाकीचे माणसांचे उद्योग.

रंग ओळखण्याची त्यांची पद्धत साडी घेणाऱ्या बायकांची आहे. दुकानातल्या दिव्याखाली रेशमाचा रंग कोणी पाहत नाही. साडी उचलायची, दारापर्यंत यायचं, उन्हात धरायची. माशांच्या दुकानांत तर निळे दिवे असतात, त्यांच्याखाली कुठलाही मासा अप्सरा दिसतो. म्हणून टीचर पाण्याने भरलेल्या पिशवीत मासा घालून घेतात, पिशवी थेट फुटपाथवर नेतात आणि दोन्ही हातांनी सूर्यासमोर धरतात. मागून येणाऱ्या मोटारसायकली थांबतात, नारळपाणीवाला कोयता खाली ठेवतो. एकदा एका आजोबांनी काही नवसाचा प्रकार आहे असं समजून पिशवीला हात जोडले होते.

थोरली ही त्यांची लाडकी तीनपट्टी. टाकीतली सर्वांत जुनी, सर्वांत मोठी. या माशांत मोठी ती बायको आणि लहान तो नवरा, आणि घरात शब्द बायकोचा. ही व्यवस्था टीचरना पूर्णपणे पसंत आहे. थोरलीचा नवरा म्हातारपणी गेला, आणि थोरली टाकीच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. खाणं समोरून वाहत जाई, ती क्वचितच तोंड उघडे. एकटी राहिली तर ही जाईल, असं टीचरनी मला जिन्यात थांबवून सांगितलं. सांगताना त्या चिडलेल्या होत्या, पण कोणावर ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं. म्हणून स्थळं बघायला सुरुवात झाली.

स्थळं आणणारा माणूस म्हणजे कोळत्तूरच्या मासळीबाजारातला एक दुकानदार. शोभेच्या माशांचा तो बाजार, खायच्या नव्हे. दुकानदार स्वतः पन्नाशीचा, शाळेत टीचरच्या हाताखाली चित्रं काढलेला. अजून तो त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाही. त्याने पहिला मासा आणला. टीचरनी तो दारात उन्हात धरला आणि म्हणाल्या, "पट्टा पिवळट अहे." दुसरा आणला. पट्टा पिवळट. तिसरा त्याने मागवून घेतलेला होता, माझ्या साध्या डोळ्यांना तर तो नुकता रंगवून आणल्यासारखा दिसला. टीचरनी त्यालाही नाकारलं. मग एक दिवस त्या स्वतःच कोळत्तूरला गेल्या, मलाही साक्षीदार म्हणून नेलं, आणि चौथी पिशवी फुटपाथवरून परत आणून गल्ल्यावर ठेवली. दुकानात गिऱ्हाइकं होती. टीचर त्यांना ऐकू जाईल अशा तमिळमध्ये म्हणाल्या, "पांढऱ्याच्या नावाखाली दुधावरची साय विकतोस? हेच शिकवलं होतं मी तुला?"

"टीचर, तो पांढराच आहे," दुकानदार म्हणाला.

"मला रंग शिकवतोस?"

 मान खाली घालून त्याने मासा टाकीत सोडला. त्यानंतर तो आमच्या गल्लीत आला नाही. थोरली कोपऱ्यातच होती.

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की टीचरचं भांडण एकट्या दुकानदाराशी नव्हतं. धोबी साड्यांना नीळ घालत नाही, म्हणून त्याला दारातून परत पाठवलं होतं. रांगोळीचं पीठ विकणारी बाई भेसळ करते. फुलवालीची मल्ली, म्हणजे मोगरा, कालची असते. भिंत रंगवणाऱ्याने पांढरा सांगून मलई रंग फासला. शेवटी कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यांनी इडलीची बशी मागे सारली आणि जास्त सोड्याने इडली पिवळी पडली म्हणून मालकाला जाब विचारला. मी समोर बसलो होतो. माझ्या बशीतली इडली त्याच भांड्यातली होती आणि ती चांगली पांढरीशुभ्र होती. आमच्या धंद्यात सहा तक्रारदार आणि एक आरोपी असले की बातमी होते. इथे दुकानदार धरून आरोपी सहा आणि तक्रारदार एक होता. अशा वेळी आधी तक्रारदाराकडे जाऊन चौकशी करायची असते.

मी चौकशी केली. "टीचर, डोळे तपासून घेता का एकदा?"

"का?"

"मोतीबिंदू असला की पांढरं पिवळं दिसतं म्हणतात."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्या नजरेत काही दोष असेल असं कुणालाही वाटलं नसतं. "या डोळ्यांनी मी हजार पोरांना रंग शिकवला रे. पोदुम." पोदुम म्हणजे पुरे. त्या दिवसापासून त्या माझ्याशी मोलकरणीमार्फत बोलू लागल्या. खाली मी उभा असताना, "वरच्या माणसाला सांग, मोटर बंद करायची अहे," असा निरोप मला मोलकरणीच्या तोंडून मिळे.

मग एका सकाळी त्यांनी स्वतः माझं दार वाजवलं. हातात खडूचा तुकडा होता. नव्या खोक्यातला, अजून फळ्याला न लागलेला.

"हा कुठला रंग?"

"पांढरा, टीचर."

"नीट बघून सांग."

"पांढरा आहे."

त्यांनी खडू जिन्यातल्या उजेडात धरून पाहिला. धोबी, फुलवाली, रंगारी, शिष्य, सगळ्यांवर त्यांनी आळ घेतला होता. खडूवर मात्र त्यांना घेता आला नाही. "सरी," म्हणाल्या. म्हणजे ठीक आहे. "कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांग."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पुढे दुसऱ्याचं झालं. टीचर बऱ्या झाल्या आणि माफी मागायला निघाल्या. अशी माफी मी आयुष्यात पाहिलेली नाही. धोब्याला दारात बोलावून त्यांनी फैलावर घेतलं, "साड्या पांढऱ्या होत्या तर इतके दिवस गप्प का बसलास? तोंड नव्हतं?" फुलवालीला त्या म्हणाल्या की खरं बोलणाऱ्याने असं घाबरून चालत नाही. हॉटेलमालकाच्या इडलीला त्यांनी सर्वांसमोर शुभ्र म्हटलं, आणि त्यांच्यासारख्या म्हातारीपुढे तो इतक्या लवकर नमला याबद्दल त्याला लाज वाटली पाहिजे, असंही बजावलं. सगळ्यांनी खाली मान घालून ही माफी ऐकून घेतली.

शेवटी आम्ही रिक्षाने कोळत्तूरला गेलो. दुकानात तशीच गर्दी होती. "तो मासा अहे का?" त्यांनी मला मराठीत विचारलं, जणू दुकानदाराला विचारायचा अधिकार आता उरला नव्हता. दुकानदाराने न सांगता पिशवी भरली आणि स्वतःच उचलून फुटपाथवर नेली. टीचरनी पाहिलं. आत आल्या, आणि मागच्या वेळेइतक्याच मोठ्या आवाजात, तमिळमध्ये, गिऱ्हाइकांकडे तोंड करून म्हणाल्या, "मासा पांढऱ्या पट्ट्याचा आहे. माझे डोळे पिवळे होते. या माणसाकडून खुशाल घ्या." आमच्या वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत केलेली चूक आतल्या पानावर बारीक अक्षरांत दुरुस्त करतात. दुकानदाराने पुढे होऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "बसा, टीचर," तो म्हणाला.

"आधी तूं बस," टीचर म्हणाल्या. तो बसला.

संध्याकाळी आम्ही नवरदेवाला थोरलीच्या टाकीत सोडलं. टीचर स्टूल ओढून काचेला नाक लावून बसल्या. तो लहानसा मासा बिचकत कोपऱ्याकडे गेला, थोरलीसमोर अंग आडवं करून थरथरू लागला. तुझंच राज्य मान्य, असं सांगायची त्यांची ही रीत. पुष्कळ वेळाने थोरली कोपऱ्यातून पुढे आली. उजेडात, नव्या माशाच्या शेजारी.

टीचर दचकून मागे सरल्या. डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. मलाही तेव्हाच नीट दिसलं. नव्या माशाशेजारी थोरलीचं अंग जुन्या पडद्यासारखं विटलं होतं. नारिंगी असं काही उरलंच नव्हतं, आणि पट्ट्यांची काळी किनार कुठेकुठे पुसून गेली होती. हे आज झालेलं नव्हतं. टीचरच्या पिवळ्या डोळ्यांनी आणि जुन्या आठवणीने तिला इतके दिवस भरजरी ठेवलं होतं, आणि तिच्या तोलाचा नाही म्हणून चार नवरे परत पाठवले होते.

मी काहीतरी बोलायला गेलो. टीचरनी हात वर केला. थोरली नव्या माशाभोवती एक फेरी मारून वर आली, पाण्यावर तरंगणारा खाण्याचा एक कण तिने टिपला, मग दुसरा टिपला.

"हे बघ," टीचर हळू आवाजात, पण रागानेच म्हणाल्या, "तिला हें कुणी सांगायचं नाहीं."