चावीवाल्याचा शब्द

परळच्या पाणीचौकीवर महादेव घाडी एकोणतीस वर्षं चावीवाला होता. चावीवाला म्हणजे रस्त्यातल्या भोकात लांब लोखंडी चावी घालून त्या त्या गल्लीचं पाणी वेळेवर सोडणारा माणूस. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. ते चौकीतल्या सात जणांच्या डोक्यात होतं. आणि साहेबाला ते कुणी सांगत नसे. सांगितलं की आपली गरज संपली, एवढी अक्कल प्रत्येकाला होती.

मग खात्यात नवोपक्रम कक्ष निघाला. चैत्राली मॅडम आल्या. सगळे आटे मोबाईलच्या ॲपमध्ये नोंदवायचे होते. सहा महिने चावीवाले त्यांना "अंदाजानं फिरवतो, मॅडम" एवढंच सांगत राहिले. बाई हुशार. ही माणसं फक्त महादेवचं ऐकतात, हे त्यांनी हेरलं आणि त्यालाच देखरेख समितीवर घेतलं.

"बदल वरून लादायचा नसतो, घाडीकाका. तो तुमच्यातूनच यायला हवा. कुणाचीही जागा हलणार नाही, हा माझा शब्द."

आजवर कुठल्या साहेबानं त्याला काका म्हटलं होतं? गडी चढला हरभऱ्याच्या झाडावर.

तो एकेकाला भेटला, मॅडमचा शब्द स्वतःचा म्हणून देत गेला. नायगावचा शिवा, त्याच्याबरोबरच नोकरीला लागलेला, शेवटपर्यंत अडून बसला. मग म्हणाला, "तू सांगतोयस ना? मग लिही." आणि त्यानं आपले एकतीस व्हॉल्व्ह एका बैठकीत सांगून टाकले. भोईवाड्यातला उलटा फिरणारासुद्धा.

ॲप चांगलं चाललं, खोटं कशाला बोला. वरच्या मजल्यांवर पाणी चढायला लागलं, तक्रारी निम्म्यावर आल्या. महादेव घरी बायकोला कौतुकानं सांगायचा.

आठव्या महिन्यात ऑर्डर आली. चौकी कंत्राटदाराकडे गेली होती. सहा जणांची बदली पार भांडुपच्या पुढे, गाळ काढायला. महादेव मात्र इथेच, कंत्राटाच्या पोरांचा प्रशिक्षक म्हणून.

तो धावत मॅडमकडे गेला. त्यांनी फाईल उघडली. समितीच्या तिसऱ्या बैठकीचं इतिवृत्त, इंग्रजीत, मुद्दा नववा: चौकी कंत्राटावर द्यायची. खाली त्याची सही.

"सगळं नियमानं झालंय, काका. तुमच्यासमोरच ठरलं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. त्यातही त्याला जिव्हारी लागलं ते वेगळंच: सुरी त्याच्याच हातात देऊन सहा गळे कापून घेतले होते.

रविवारी सकाळी तो शिवाच्या दारात उभा राहिला. "मी प्रशिक्षक होणार नाही. राजीनामा देतो, शिवा. आईशपथ, मला ठाऊक नव्हतं."

शिवा उंबऱ्याच्या आतच थांबला. त्यानं ये म्हटलं नाही.

"राजीनामा नको देऊस. त्या पोरांना काय कळतंय? लोक पाण्यावाचून मरतील. नीट शिकव त्यांना," तो म्हणाला. "आणि तुला ठाऊक नव्हतं, ते मला पटतंय. पण साहेबाला मी जन्मात सांगितलं नसतं, महादेव. तुला सांगितलं. आता माझ्या दारात येऊ नकोस."