साडूभाऊंचा सांधा

माझ्या साडूभाऊंइतका चौकस मनुष्य नाहूर ते मुलुंड या पट्ट्यात दुसरा नाही, हे मी प्रतिज्ञापत्रावर लिहून देण्यास तयार आहे; आणि कचेरीबाहेर इतकी वर्षे अर्ज लिहिणारा माझ्यासारखा मनुष्य अशी विधाने सहसा करीत नाही. ते दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करतात. हल्ली कवळी यंत्रावर रेझिनच्या थरांनी छापून निघते. साडूभाऊंना मात्र छापण्यापेक्षा मोडलेले जोडण्यात रस. कुणाकडेही गेले तरी कपाचा चिकटवलेला कान नखाने तपासतील आणि "हे कशाने धरलंय हो?" असे विचारीत यजमानांचा चहा थंड करतील.

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, छापील कवळीतील पुढच्या दाताचा टवका उडाला. साडूभाऊंनी दुरुस्तीचे मिश्रण भरले. ते भाकरीने निघाले. पुन्हा भरले, चकलीने निघाले. मेहुणी प्रथम तोंडावर हात ठेवून हसू लागली, पुढे हसेनाशीच झाली.

"नवी छापून द्या ना."

"अगं, हे का सुटतं, ते तर कळू दे."

"तोवर मी काय सुतकात बसू?"

एके दिवशी ते माझ्या टेबलाशी बसले असता मी एका गुळगुळीत प्लास्टिकच्या फायलीवर नावाची चिठ्ठी डकवीत होतो. तत्पूर्वी, माझ्या नेहमीच्या पद्धतीने, गोंद धरावा म्हणून ती जागा ब्लेडने खरवडली. साडूभाऊ ताडकन उठले.

"परत करून दाखवा, भाऊ."

मी दाखवले.

"आणि मी येडा, भरण्याआधी दाताला पॉलिश करत होतो. आरशासारखं."

त्याच दुपारी त्यांनी बारीक भुकटीच्या फवाऱ्याने मोडलेली कड खरखरीत केली, पुसली, चिकटण्यासाठीचा द्रव लावला आणि मगच मिश्रण भरले. या शोधात माझा वाटा किती, हे सुज्ञांनी ठरवावे.

त्यानंतर परीक्षा सुरू झाल्या. भाकरी झाली, चकली झाली. शेवटची परीक्षा हसण्याची, म्हणून ते रोज जेवणानंतर तिला विनोद सांगू लागले. विनोद अत्यंत सामान्य दर्जाचे असत, हे नोंदवणे भाग आहे. ती हसली की ते वाकून सांधा न्याहाळत आणि म्हणत, "धरलंय."

परवा गेलो, तेव्हा दात पक्का होऊन कित्येक महिने लोटले होते. विनोद मात्र चालूच होते. मेहुणी तोंडावर हात न ठेवता खळखळून हसली. साडूभाऊ वाकले नाहीत. नुसते तिच्याकडे पाहत राहिले. आणि मलाही, का कोण जाणे, घरी लवकर जावेसे वाटले.